हंसा वाडकर : पडद्यावरील प्रतिमा आणि आत्मकथन

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक व निर्मितीसंस्था यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. अभिनेत्रीच्या श्रमाची नोंद मात्र क्वचितच झाली. या दृष्टीने हंसा वाडकर (मूळ नाव रतन साळगावकर) यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते. घरच्या आर्थिक निकडीमुळे त्या लहान वयातच चित्रपटसृष्टीत आल्या. 'विजयाची लग्ने' (१९३६) हा त्यांचा पहिला चित्रपट होय. प्रभातच्या 'संत सखू' (१९४१) मध्ये त्यांनी सोशिक भक्त स्त्री साकारली, तर राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मध्ये तमाशातील बया. या दोन टोकांच्या प्रतिमांमागील वास्तव 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनातून प्रकट झाले. घरची मिळवती व्यक्ती असूनही स्वतःच्या आयुष्यावर अधिकार नसणे, ही त्यातील मूळ व्यथा आहे. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. या कथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केलेले असल्याने साधन म्हणून त्याचा उपयोग करताना शब्दांकनकाराचा सहभाग ध्यानात घ्यावा लागतो. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) या आत्मकथनावर आधारित असला, तरी ती स्वतंत्र कलाकृती आहे. म्हणूनच अभ्यासकाने चित्रपटातील नायिकेत हंसाबाईंना न शोधता त्यांच्या निवेदनाकडे वळणे अगत्याचे ठरते.