ताडा-माडांचा मुलूख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाइन म्हटले की हल्ली नाशिकचे नाव निघते. तिथल्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि आता शनिवार-रविवारी मुंबईकर गाड्या भरून द्राक्षमळे पाहायला जातात. त्याहून कितीतरी जुना असा मद्याचा एक मुलूख मात्र आपल्या लोकलच्या वाटेवरच आहे. मालाड स्टेशनला उतरावे आणि पश्चिमेकडे मालवणी, मार्वे, एरंगळ, मढ असे जात राहावे. खाडीपलीकडे मनोरी आणि गोराई. हा सारा पट्टा ताडा-माडांचा. द्राक्षाच्या वेलीने युरोपातल्या गावांना जे दिले, ते या गावांना ताडाने आणि माडाने दिले.

ताडाचा रस ती ताडी, माडाचा ती माडी. इंग्रजांनी आपल्या ताडीचे 'टॉडी' केले आणि तो शब्द जगभर नेला. 'अर्क' हा शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून घामासारखा थेंब थेंब गळतो तो अर्क. 'शराब' आणि 'सरबत' तर एकाच अरबी धातूची भावंडे. त्या धातूचा अर्थ नुसता 'पिणे'. माझ्या धर्मात मद्य निषिद्ध आहे, पण शब्दांना कुठलाच निषेध लागू होत नाही.

गझलेतला साकी हाती सुरई घेऊन येतो. आमच्या किनाऱ्यावरचा साकी कमरेला मडके आणि कोयता बांधून झाडावर चढतो. हा भंडारी समाज. कोवळा फुलोरा बांधायचा, हलक्या हाताने ठोकायचा, रोज त्याचे टोक पातळ कापायचे आणि खाली मडके लावायचे, असे हे काम. कापणे जाड झाले तर फुलोरा वाया जातो, पाय निसटला तर माणूस. पहाटे उतरवलेला ताजा रस गोड असतो, ती नीरा. ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ऊन चढले की काही तासांत तीच ताडी होते. ताडाचे झाड रसाला यायला बारा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे लावणारा बहुधा मुलासाठीच लावतो.

ही ताडी केवळ नशेसाठी नव्हती. पोर्तुगीज अमलात साष्टी बेटावर पाव आला, तेव्हा पीठ फुगवायला यीस्ट कुठले? तिथे ताडी कामी आली. तिचाच शिरका बनला, जो इथल्या ख्रिस्ती घरांत मांसाला आणि लोणच्याला लागतो. १८८७ साली ज्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या स्वयंपाकघरात ताडीचा वास पिढ्यान् पिढ्या होता. झाडावर भंडारी आणि चुलीपाशी ख्रिस्ती बाई, असा हा शेजार.

मग सरकार झाडावर चढले. साष्टी १७७४ साली इंग्रजांकडे गेली. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला. 'आबकारी' म्हणजे मूळ फारसीत पाण्याचे काम, पण या पाण्यातून महसूल काढायचा होता. रस काढायला परवाना आणि झाडागणिक कर. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मक्तेदारांकडे गेली. १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. ज्याचे झाड त्यालाच ते परके झाले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून बंदी कडक झाली. नीरेची केंद्रे निघाली, पण तलफ थोडीच बंद होते? ती अंधारात गेली.

त्या अंधाराचे सर्वांत काळे पान याच पट्ट्यात लिहिले गेले. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते कारखान्यात वापरायचे रसायन, कुठल्याच झाडाचा रस नव्हे. एका कायद्याने हे घडवले असे मी म्हणणार नाही. ताडीनेही घरे बुडवली आहेत, आणि आज ताडीतही क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे गुन्हे नोंदले जातात. पण पूर्वी पिणाऱ्याला झाड ठाऊक होते, काढणारा ठाऊक होता. गरिबाच्या पेल्यात काय आहे हे सांगणारा माणूसच मधून नाहीसा झाला, हे आपले खरे नुकसान.

म्हणून एकदा हा मुलूख पाहून या. मढला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो. जवळ किल्लेश्वराचे आणि हरबादेवीचे देऊळ. एरंगळला समुद्राला लागून सोळाव्या शतकातले सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीतल्या तिथल्या जत्रेला ख्रिस्त्यांबरोबर कोळीही येतात. मार्व्याहून बोटीने मनोरीला जा. अक्साच्या पाण्यात मात्र उतरू नका, तो किनारा दगा देतो.

आणि वाटेत मान वर करा. एखाद्या ताडाच्या खोडावर पाय टेकण्यासाठी पाडलेल्या जुन्या खाचा दिसतील. जागेला भाव आला आणि झाडे पडली. राहिली त्यांवर चढणारी मुले आता नोकरीला जातात, आणि त्यांनी जावेच. निदान त्या खाचा कुणी पाडल्या, एवढे आपल्या मुलांना सांगता आले पाहिजे.