राजा ‘ग्रंथकर्ता’ कोणत्या अर्थानें? : धारेचा भोज व कॅस्टीलचा आल्फोन्सो

राजांच्या कीर्तीची मोजदाद बहुधा त्यांनीं जिंकलेल्या भूमीवरून होते. परंतु भूमि जाते आणि ग्रंथ मागें उरतात. धारेचा परमार भोज व स्पेनांतील कॅस्टीलचा दहावा आल्फोन्सो हे दोन राजे याचें उत्तम उदाहरण होत. दोघांमध्यें सुमारें दोन शतकांचें अंतर असून परस्परसंबंध मुळींच नाहीं. तथापि एकाविषयींचा पुरावा दुसऱ्याविषयींचा प्रश्न नीट मांडण्यास उपयोगी पडतो.

राजकारणांत उभयतांचा शेवट दुःखद झाला. भोजानें कोंकणविजयाच्या उत्सवप्रसंगीं दिलेला बांसवाड्याचा ताम्रपट वि. सं. १०७६ चा, म्हणजे इ. स. १०२० चा आहे. पुढें कल्याणीच्या चालुक्यांनीं धारा लुटली, आणि इ. स. १०५५ च्या सुमारास चेदीचा कर्ण व गुजराथचा भीम चालून आले असतां भोजाचा अंत झाला. आल्फोन्सो इ. स. १२५२ त गादीवर आला. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदासाठीं तो १२५७ पासून झटला. तो नाद त्यास १२७५ त सोडावा लागला. १२८२ त पुत्र सांचो यानें बंड केलें, व १२८४ त सेव्हिल येथें राजा वारला.

भोजाच्या नांवावर व्याकरण, अलंकार, वास्तु, ज्योतिष इत्यादि शास्त्रांवरील अनेक ग्रंथ आहेत. सदा युद्धांत गुंतलेल्या राजानें हे सर्व लिहिले कसे? ते पंडितांनीं लिहून राजाच्या नांवावर घातले, असा एक पक्ष आहे. येथें आल्फोन्सोची साक्ष घ्यावी. त्यानें रचविलेल्या जगदितिहासांत असा आशय आहे कीं, राजा ग्रंथ करतो म्हणजे स्वहस्तें लिहितो असें नव्हे. तो विषय ठरवितो, शोधन करतो व मार्ग दाखवितो. राजानें वाडा बांधला म्हणतात, तसेंच हें. त्याच्या ज्योतिषकोष्टकांच्या प्रस्तावनेंत यहुदा व इसहाक ह्या दोन यहुदी पंडितांचीं नांवें स्पष्ट दिलेलीं आहेत. यावरून भोजाविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु ‘राजा कर्ता’ आणि ‘पंडित साहाय्यक’ हीं विधानें परस्परविरोधी नव्हेत, एवढें निश्चित होतें.

भाषेच्या निवडीनें मात्र दोन्ही वारशांस निराळें वळण दिलें. आल्फोन्सोनें कायदा, इतिहास व ज्योतिष लोकभाषेंत आणलें; त्यामुळें कॅस्टीलच्या गद्याचा पाया घातला गेला. परंतु त्याचीं कोष्टकें युरोपभर पसरलीं तीं लॅटिन रूपानें. भोजाचे ग्रंथ संस्कृतांत असल्यामुळें राज्याच्या सीमा त्यांस आड आल्या नाहींत. शृंगारप्रकाश तर दक्षिणेंतील हस्तलिखितांत टिकून राहिला.

भोजाच्या ग्रंथांत साहाय्यकांचीं नांवें न आल्यानें ती पोकळी दंतकथांनीं भरून काढली. बल्लाळाच्या भोजप्रबंधांत कालिदासही भोजाच्या सभेंत बसतो! वस्तुतः शके ५५६ (इ. स. ६३४) च्या ऐहोळे शिलालेखांत कालिदासाचें नांव येतें, म्हणजे तो भोजाच्या निदान चार शतकें आधींचा. उलट, वाजसनेयी संहितेचा भाष्यकार उवट आपण भोज राज्य करीत असतां अवंतींत राहून भाष्य केल्याचें समाप्तीच्या श्लोकांत सांगतो. आणि धनपाल आपली तिलकमंजरी भोजासाठीं रचल्याचें प्रारंभींच नमूद करतो. भोजाच्या विद्वत्सभेचा खरा पत्ता लागतो तो अशा दोन ओळींतून. प्रबंधांतील चमत्कारांतून नव्हे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, पोथीची नोंद करतांना ‘कर्ता – भोजराज’ एवढ्यावर थांबूं नये. आरंभींचे श्लोक व शेवटची पुष्पिका अक्षरशः उतरून घ्यावी. पोथीचीं पहिलीं व शेवटचीं पानेंच आधीं झिजतात, आणि नेमकीं माणसांचीं नांवें त्यांवरच असतात. तीं पानें गेलीं, तर राजाचें नांव राहील. पण त्याच्याबरोबर झिजलेल्या पंडितांचें नांव पुन्हां मिळणार नाहीं.