छावणीतून आलेले सहाबारी

भोकरदनजवळच्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेली, तेव्हाची पिस्तुले चकमकीची आणि ठासणीची होती. एक बार उडाला की पुन्हा दारू, गोळी, गज. तोवर जीव तलवारीच्या भरवशावर. खिशातल्या रिव्हॉल्वरची कुळकथा याच अडचणीतून सुरू होते.

1827मध्ये जालन्यात छावणी उभी राहिली. 1903मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज, हैदराबाद कंटिंजंट, हिंदी लष्करात मिसळली गेली. मधल्या पाऊणशे वर्षांत रिव्हॉल्वर जन्मले, वाढले आणि पार बदलले. इंग्रज अधिकाऱ्याला पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे, त्यामुळे एकाच छावणीत अनेक जातींची हत्यारे नांदायची.

सॅम्युएल कोल्टने 1836मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. त्याच्या 1849च्या पॉकेट मॉडेलचे तीन लाखांहून जास्त नग निघाले. सिलिंडरच्या घरात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने 1851मध्ये नुसता चाप ओढून घोडा चढेल आणि पडेल अशी रचना आणली. स्मिथ अँड वेसनने 1857मध्ये काडतूस मागून भरायची सोय केली, पण आरपार छिद्राच्या सिलिंडरचे पेटंट 1869पर्यंत त्यांच्याच हाती होते. ते सुटल्यावर अमेरिकेतले इतर कारखानेही त्यात उतरले. वेब्लीचे आखूड नळीचे ‘ब्रिटिश बुलडॉग’ 1872चे, पाच बारांचे. बेल्जियमच्या लिएजमध्ये त्याच्या नकला मुबलक निघाल्या.

या नकलाच मला सर्वांत बोलक्या वाटतात. भिंग धरून सिलिंडर पाहिला तर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ अक्षरे आणि खाली तारा दिसतो, तो लिएजच्या चाचणीघराचा ठसा. त्यावर मुकुट असेल तर नग 1893नंतर तपासलेला, नसेल तर त्याआधीचा. मूठ, घोडा, नक्षी सगळे नकली असू शकते, पण तारीख सांगतो तो हा बारकासा ठसा. संग्राहकाने पैसे मोजावेत ते त्याच्यासाठी.

आणि नेमका तोच नष्ट होतो. त्याचे एक कारण कायदा. अमेरिकेत 1898 किंवा त्याआधी बनलेले हत्यार जुने म्हणून वेगळे धरतात. आपला 1959चा शस्त्र कायदा वय पाहत नाही, अवस्था पाहतो. जुन्या घाटाचे किंवा पुरातन हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर जाते ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. चालू शकणारे दीडशे वर्षांचे रिव्हॉल्वर आजच्या बंदुकीइतकेच परवान्याचे धनी. हा नियम मला योग्य वाटतो, पण कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्यासाठी हत्यार निकामी करताना ठसा घासला गेला की हत्यार वाचते आणि इतिहास जातो. दुसरे कारण भंगार. जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. तिथे जुन्या लोखंडाचे मोल वजनावर ठरते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर 1881मध्ये ज्या बुलडॉगमधून गोळी झाडली गेली, तेसुद्धा स्मिथसोनियन संग्रहालयात येऊन पुढे हरवले. फोटो तेवढा राहिला. म्हणून वाड्याच्या माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत असे काही सापडले तर आधी पोलीस ठाण्यात कळवावे. चाप ओढून पाहू नये, आत बार भरलेला असू शकतो. गंज सँडपेपरने घासू नये, आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्यांसमोरच ठशांचे जवळून फोटो काढून ठेवावेत.