नागपूर ते राजनांदगाव, १८९३

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो आगगाडीत. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले होते. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगाव संस्थानात नोकरीवर निघाले. १८८२ पासून तिथवर रेल्वे होती. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावरून निघालेले बोलणे ख्रिस्तापर्यंत गेले. निरोप घेताना गृहस्थांनी नव्या कराराची प्रत दिली, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून टाकले.

हा प्रसंग मुख्यतः टिळकांच्याच कथनातून आपल्यापर्यंत आला आहे. ते कथन इंग्रजी वाचकांपुढे ठेवले जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ च्या चरित्राने. घटना आणि ग्रंथ यांत तीस वर्षे गेली. हे सहप्रवासी म्हणजे अमेरिकन मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. बाप्तिस्म्याची तारीख मात्र पक्की: १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. दोन वर्षांचा हिशेब इतका चपखल बसतो, की इथे जरा जपूनच राहावे. खरी ठरलेली भाकितेच लोक पुन्हापुन्हा सांगतात.

भाकितापेक्षा मला पेन्सिल अधिक विश्वासार्ह वाटते. आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे दखल घेण्याजोग्या जागी पेन्सिलने खुणा करत टिळक वाचू लागले आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. हे प्रवचन नव्या कराराच्या पहिल्याच पुस्तकात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, सुरू होते. नवा करार पहिल्या पानापासून वाचला असेल, तर ते फार तर दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत समोर आले असणार. त्यांच्यासारख्या पंडिताला शोभणारी ही वाचनाची रीत. ती रचून सांगण्याचे काही कारण दिसत नाही.

गाडीत घडले ते एकाने दुसऱ्याच्या हाती विश्वास सोपवणे. तरुण पुढाऱ्याला असे शहाणपण देण्याचा ख्रिस्ती शास्त्रातला नमुना म्हणजे प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेली पत्रे. दुसऱ्या पत्रात पौल त्याला बजावतो, की ऐकलेले विश्वासू माणसांच्या हवाली कर, म्हणजे तेही इतरांना शिकवतील. पण पौल तीमथ्याचे घर ओळखत होता. आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास तो नावानिशी आठवतो. तीमथ्याकडे विश्वास घरातल्या बायकांकडून आला. राजनांदगावच्या गाडीतल्या पाहुण्याला टिळकांच्या घराची काय कल्पना असणार? त्या घराची पुढे काय दशा झाली, ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत आहे: नवऱ्याने धर्म सोडला, संसार दुभंगला, वर्षांमागून वर्षे ताटातुटीत गेली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या अहवालात जे ‘यश’ म्हणून मोजले जाई, त्याची किंमत कोणी मोजली हे या पुस्तकावाचून कळले नसते.

टिळकांनी पुढे अहमदनगरच्या सेमिनरीत भावी पाळकांना शिकवले आणि ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारली. त्यांच्याकडून शिकणाऱ्यांत खुद्द विन्स्लोही होते, वयाने एकवीस वर्षांनी लहान असलेले इंग्रज पाद्री. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. गाडीत गोऱ्याने हिंदी माणसाला पुस्तक दिले. अहमदनगरात इंग्रज हिंदी माणसाचा शिष्य झाला. म्हणूनच विन्स्लोंचे चरित्र वाचताना शिष्याची भक्ती वजा करावी लागते. फार नव्हे, थोडी.

१९०९ मध्ये टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले. ‘ख्रिस्तायन’चे सुरुवातीचे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवटचा त्यांचा मुलगा देवदत्त याने.