सलामीवीराची निवड : मुंबईच्या फलंदाजांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बेसबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम फिरून फिरून येतो. त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूस सर्वाधिक संधी मिळतात व पहिला बेस वारंवार गाठणारा खेळाडू त्या जागी योग्य ठरतो. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावात परतत नाही. शिवाय सलामीवीरास नवा, कठीण चेंडू खेळावा लागतो. या जागेसाठी निवडीचे निकष कसे बदलत गेले, हे मुंबईच्या चार फलंदाजांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कसोटी क्रिकेटमधील निकष :
१९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड येथे विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली. मर्चंट यांचे भक्कम तंत्र आणि मुश्ताक अली यांची आक्रमकता परस्परपूरक ठरली. निवड एका फलंदाजाची नसून जोडीची असते, हे यातून स्पष्ट होते.

तथापि, गुणवत्तेला नेहमीच न्याय मिळाला असे नाही. माधव आपटे यांनी १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत ४६० धावा केल्या. त्यात पोर्ट ऑफ स्पेन येथील नाबाद १६३ धावांची खेळी होती. एकूण सात कसोटींत ४९.२७ ची सरासरी असूनही या दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. कामगिरी हाच निवडीचा एकमेव आधार नव्हता, याचा हा बोलका पुरावा होय.

सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध चार कसोटींत ७७४ धावा करून नवा चेंडू निष्प्रभ करण्याच्या परंपरेस कळस चढविला. डिसेंबर १९८३ मध्ये मद्रास येथे ते चौथ्या क्रमांकावर उतरले, तेव्हा धावफलकावर दोन बाद शून्य अशी नोंद होती. क्रमांक बदलला, कार्य मात्र सलामीवीराचेच राहिले. त्यांनी नाबाद २३६ धावा केल्या.

एकदिवसीय क्रिकेटमधील परिवर्तन :
याच गावसकरांनी ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर ६० षटकांच्या सामन्यात १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या. कसोटीतील संयम मर्यादित षटकांत अपुरा पडतो, हे तेथे दिसून आले. पुढे १९९२ च्या विश्वचषकात पहिल्या १५ षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचे बंधन आले आणि सुरुवातीची षटके धावा जमविण्याची संधी ठरली.

२७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे नवज्योत सिद्धू मान आखडल्याने खेळू शकले नाहीत. सचिन तेंडुलकर यांनी कर्णधार महंमद अझरुद्दीन व व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे आग्रहाने सलामीची संधी मागितली आणि ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. तोपर्यंत त्यांच्या नावावर एकही एकदिवसीय शतक नव्हते. कारकिर्दीअखेर ४९ पैकी ४५ शतके सलामीवीर म्हणून झाली.

निष्कर्ष :
योग्य सलामीवीर हा केवळ सरासरीवरून किंवा रूढ क्रमावरून ठरत नाही. त्या जागेपुढील प्रश्न कोणता, हे आधी निश्चित करावे लागते. ऑकलंडचा निर्णय अपघाताने घडला, तर आपटे यांना दुसरी संधीच मिळाली नाही. निकष स्पष्ट नसतील, तर गुणवत्तेचे भवितव्य योगायोगावर अवलंबून राहते, हेच या इतिहासाचे सार म्हणता येईल.