काहीच न करणारा किडा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन हे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन यांचे कारखाने तिथलेच. १९४९ साली याच गावात निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा घरच्या स्वयंपाकघरात, शेगडीवर, एक भलताच पदार्थ शिजवत होते. भांड्यात प्लास्टिकचं द्रावण, तेल आणि रंग, शेजारी साचे. ओतून गार केल्यावर साच्यातून निघालं ते गांडूळ. मऊ, लिबलिबीत, चिमटीत धरलं की दोन्हीकडून लोंबणारं. गळाला गांडूळ लावावं हे कुठल्याही खेड्यातल्या पोराला ठाऊक असतं. क्रीम दांपत्याच्या गांडुळाचं वैशिष्ट्य एवढंच की ते मरत नव्हतं, वाळत नव्हतं आणि टपालाने पाठवता येत होतं. मागणी वाढत गेली आणि पुढे हा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावी गेला.

हे गांडूळ ज्याच्यासाठी शिजलं तो मासा म्हणजे ब्लॅक बास. आपल्याकडच्या मरळीशी त्याचं काही नातं नाही, पण स्वभाव जुळतो. पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरायचा आणि बेडूक, मासोळी, झिंगा, जे समोरून जाईल त्यावर झडप घालायची. बाससाठी बनवलेले पोकळ रबरी बेडूक आता आपल्याकडे मरळ गरवणारेही वापरतात, यात नवल नाही. बासचं शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस, म्हणजे ‘लहान पराचा’. हे नाव चक्क गफलतीतून आलं. १८०२ मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञापुढे जो नमुना आला त्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता; त्याने सुटलेल्या तुकड्याला वेगळा, छोटा पर समजून बारसं उरकलं.

एकोणिसाव्या शतकात सभ्य गृहस्थाने गरवायचा मासा म्हणजे ट्राउट. बास गावंढळ. ही पायरी बदलायला जेम्स हेन्शॉल नावाच्या डॉक्टरने १८८१ मध्ये बासवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि आकाराच्या मानाने इतका झुंजार मासा दुसरा नाही, असं मत ठासून मांडलं. त्यानंतर बासच्या मागे लागलेल्यांची संख्या जी वाढली ती आजतागायत उतरलेली नाही. आणि त्यांच्या मागे लागले ते लूर विकणारे.

लूर म्हणजे नकली आमिष. त्यांच्या जन्मकथा सगळ्या एका वळणाच्या आहेत, आणि म्हणूनच त्या चिमूटभर मीठ घालून घ्याव्यात. ज्युलिओ ब्यूएल नावाच्या तरुणाच्या हातून होडीत जेवताना चमचा पाण्यात पडला, लकाकत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर मोठ्या माशाने झेप घेतली, आणि त्याने घरी येऊन चमच्याची दांडी कापून त्याला गळ जोडला, अशी एक कथा. कथेचं काहीही असो, ब्यूएलला १८५२ मध्ये ‘स्पून’चं पेटंट मिळालं हे खरं. दुसरी कथा मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडनची. हा गृहस्थ मधमाश्या पाळायचा. गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत तो लाकूड तासत बसला होता. निघताना ते लाकूड त्याने पाण्यात भिरकावलं आणि बासने त्यावर धडक मारली. त्या धडकेतून पुढे देशातली एक मोठी लूर-कंपनी उभी राहिली.

या काळातले लूर कसे होते? रंगवलेले, वार्निश चढवलेले, काचेचे डोळे बसवलेले, पोटाला तीन-तीन टोकांचे गळ लोंबणारे. पाण्यात खळबळ करणारे, पंखे फिरवणारे, पृष्ठभागावर बुडबुड आवाज काढणारे. ॲक्रनच्याच फ्रेड आर्बोगास्टने तर पुढे एका लूरला रुंद धातूचा ओठ बसवून तो बदकासारखा डुलत चालेल अशी व्यवस्था केली; त्याचं नाव ‘जिटरबग’. दुकानाच्या काचेआड ही मंडळी मांडली की मासा पुढे कधी लागेल तेव्हा लागेल, गिऱ्हाईक आधी लागायचं. मासा खवळलेला, भुकेला असेल तेव्हा हे सगळं उत्तम चालतं. पण तो नेहमी तसा नसतो.

बास थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं अंगही गार पडतं, पचन मंदावतं, आणि एकदा खाल्लेलं पुष्कळ दिवस पुरतं. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर आकाश निळंभोर, पाणी स्तब्ध, आणि मासे तोंडात गुळणी धरल्यासारखे, हा अनुभव प्रत्येक बासवाल्याने घेतलेला असतो. त्याच्या जोडीला माणसांची वर्दळ. ज्या तळ्यावर रोज शंभर लूर पाण्यात पडतात तिथला मासा खळबळ ऐकून जवळ येण्याऐवजी दूर जातो.

फिनलंडच्या लौरी रापालाला याचं अर्धं उत्तर सापडलं होतं. शिकारी मासा थव्यातली धडधाकट मासोळी सोडून किंचित वाकडी पोहणारी, जखमी मासोळी निवडतो, हे त्याने होडी वल्हवता वल्हवता टिपलं. १९३६ मध्ये त्याने बुचाचं लाकूड तासलं, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वाकडं पोहणारा लूर तयार केला. अमेरिकेत तो गाजला १९६२ च्या ऑगस्टमध्ये, ‘लाइफ’ मासिकातल्या लेखामुळे. योगायोग असा की त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंक घरोघर गेला आणि त्यासोबत रापालाही. पण अर्धं उत्तर अशासाठी की रापालाची मासोळी तरीही धावतच होती. थांबायचं कसं, हे क्रीमच्या गांडुळाने शिकवलं.

घाई मात्र नेमकी तेव्हाच वाढली. अलाबामातला विमा एजंट रे स्कॉट याने जून १९६७ मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर बासची बक्षिसांची स्पर्धा भरवली. १०६ जण उतरले. पुढच्याच वर्षी त्याची संघटना उभी राहिली आणि १९७१ मध्ये पहिली ‘क्लासिक’ झाली. या स्पर्धेत स्कॉटने गंमत केली: निवडक २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठल्या तलावावर चाललोय हे विमान हवेत गेल्यावर सांगितलं. तो निघाला नेवाडातला लेक मीड. बॉबी मरेने दहा हजार डॉलर जिंकले. हौशी माणूस मासा लागत नसेल तर दशमी सोडून खातो आणि घरी जातो. इथे घड्याळ चालू होतं, पैसा पणाला लागला होता, आणि तलाव अनोळखी. अशा वेळी पेटीतल्या शेकडो लूरमधून हात आपोआप ज्याच्याकडे जातो तो हुकमी लूर कोणता, हा प्रश्न धंद्याचा झाला.

उत्तरं आली ती मोठ्या कंपन्यांकडून कमी आणि अडलेल्या माणसांकडून जास्त. कॅन्सस सिटीचा चक वुड्स छोट्या, जेमतेम दोन-तीन इंचांच्या मऊ आमिषांवर बास काढत असे. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गच्या चार्ली ब्रूअरने चार इंची किडा आणि हलकं शिसं घेऊन ‘स्लायडर’ची पद्धत बसवली. तिचा मुख्य नियम म्हणजे हाताने काही करायचं नाही. झटका नाही, थरथर नाही, सावकाश रीळ फिरवत राहायचं. दक्षिणेतल्या जाड तंगूस आणि राकट काठीवाल्या स्पर्धकांना हा पोरखेळ वाटे. मग १९८५ मध्ये आर्कान्सास नदीवरच्या क्लासिकमध्ये जॅक चॅन्सेलर जिंकला. त्याच्या किड्याला वळणदार शेपटी नव्हती, पाय नव्हते, नखरा नव्हता. बाजारात त्याचं नाव होतं ‘डू-नथिंग वर्म’. काहीच न करणारा किडा! जाहिरातीच्या धंद्यात असं नाव ठेवायला धारिष्ट लागतं.

याच काळात इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तळ्यात शास्त्रज्ञ वेगळाच हिशेब मांडत होते. १९७५ पासून तिथे लागलेल्या प्रत्येक बासची नोंद होई, खूण करून तो परत सोडला जाई. चार वर्षांनी तळं उपसलं तेव्हा १७०० हून जास्त मासे निघाले. त्यातले सुमारे दोनशे एकदाही गळाला लागलेले नव्हते. उलट एक पठ्ठ्या एका वर्षात सोळा वेळा लागला होता. संशोधकांनी पटकन लागणाऱ्यांची आणि कधीच न लागणाऱ्यांची वेगवेगळी पैदास केली. तीन पिढ्यांत दोन घराण्यांतला फरक वाढत गेला. डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे निष्कर्ष छापले: गळाला लागण्याचा स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. म्हणजे ज्या तळ्यातून लागणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या ताटात जातात, तिथे मागे कोण उरत असेल ते सांगायला नको. ‘आजकाल मासे पूर्वीसारखे लागत नाहीत’ ही म्हाताऱ्यांची कुरकुर इतकी शास्त्रशुद्ध निघेल, असं त्या म्हाताऱ्यांनाही वाटलं नसेल.

माणसांची दाटी आणि शहाणे झालेले मासे यांची गाठ सर्वांत घट्ट बसली ती जपानात. तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातून बास आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडले. तिथून ते देशभर पसरले आणि स्थानिक माशांच्या मुळावर आले. २००५ मध्ये सरकारने कायद्याने त्यांना उपद्रवी परके ठरवलं. मधल्या काळात मात्र गरवणाऱ्यांची एक पिढी त्यांच्यासाठी वेडी झाली होती. छोटी तळी, काठावर खांद्याला खांदा लावून उभी माणसं, आणि सगळं पाहून बसलेला मासा. इथे आमिष बारीक झालं, तंगूस आणखी बारीक झाली, आणि ‘डाउन शॉट’ची मांडणी रुळली. तंगुसाच्या शेवटी शिसं, त्याच्यावर वीतभर किंवा हातभर अंतरावर छोटा गळ, गळाच्या टोकाला नाकातून टोचलेला किडा. शिसं तळाला टेकलेलं, किडा त्याच जागी, माशाच्या तोंडासमोर, लुकलुकत राहतो. समुद्रात खोल गरी टाकणाऱ्याला हे पाहून हसू येईल, कारण खाली शिसं आणि वर गऱ्या ही त्याची रोजचीच मांडणी. नवं होतं ते एकाच ठिकाणी इतका वेळ थांबणं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत ‘ड्रॉप शॉट’ म्हणून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि स्पर्धा जिंकू लागली.

याच दशकात ॲरिझोनातल्या गॅरी यामामोटोने ‘सेंको’ बाजारात आणला. दिसायला बॉलपेनच्या नळीसारखा. डोळे नाहीत, शेपटी नाही. सगळी करामत पोटात कालवलेल्या मिठात. मिठाच्या वजनाने तो आडवा बुडतो आणि बुडताना त्याची दोन्ही टोकं हलकेच थरथरतात. वापरायची रीत अशी की टाकायचा आणि गप्प बसायचं. मधोमध गळ टोचून दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या तर आणखी बरं; या मांडणीला बासवाले ‘वॅकी’ म्हणतात, म्हणजे चक्रम. मासा लागत नसताना पहिला हात कशाला घालता, असं आज दहा बासवाल्यांना विचारलं तर त्यातले बरेच जण सेंकोचंच नाव घेतील.

कॅन्ससमध्ये वुड्सची परंपरा नेड केडी या लेखकाने पुढे नेली. त्याने पाच इंची किडा सरळ मधोमध कापला आणि अर्धा तुकडा छत्रीसारख्या चपट्या डोक्याच्या छोट्या जिगवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, चढवला. ‘नेड रिग’ या नावाने तो आज जगभर विकला जातो. ताणणाऱ्या, तरंगणाऱ्या रबरामुळे तळाला टेकल्यावर तुकड्याचं टोक वर उभं राहतं. बस, एवढंच. डोवाजिॲकच्या पाच गळांच्या, काचडोळ्यांच्या लाकडी राजपुत्रापासून निघालेली वाट या बोटभर तुकड्याशी येऊन पोचली.

२ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने १०.१२ किलोचा बास काढला. ज्या देशात आमिषांची इतकी बारीक कारागिरी झाली तिथे त्याने कोणता लूर लावला होता? कोणताच नाही. गळाला जिवंत ब्लूगिल होता. हा मासाही अमेरिकेचाच. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितोंना भेट दिलेला, आणि पुढे सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ मध्ये ज्याच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो. कुरिताचा बास जुन्या जागतिक विक्रमापेक्षा औंसभरानेही जड भरला नाही, आणि नवा विक्रम मानायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून मासे गरवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दोघांना बरोबरीत धरलं.

तो जुना विक्रम जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याचा. २ जून १९३२, मंदीचे दिवस. शेतात चिखल, नांगर चालणार नव्हता, म्हणून तो एका मित्रासोबत मॉन्टगोमेरी लेक नावाच्या डोहावर गेला. दोघांत मिळून लूर एकच होता, असं तो सांगत असे. २२ पौंड ४ औंसांचा बास त्यावर लागला. लूर क्रीक चब कंपनीचा होता हे नक्की, पण नेमका कोणता, यावर जाणकार अजून भांडतात. मासा गावातल्या दुकानात तोलला गेला, एका मासिकाच्या स्पर्धेसाठी त्याची नोंद झाली, आणि मग पेरी तो घरी घेऊन गेला. घरात खाणारी तोंडं होती. मासा चुलीवर चढला.