यीस्टच्या पेशीत उलगडते ठिसूळ गुणसूत्रांचे कोडे

पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट बेकरीच्या जितके कामाचे, तितकेच ते आनुवंशिक रोगांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांच्याही कामाचे ठरले आहे. हंटिंग्टनचा रोग, फ्रॅजाइल एक्स, फ्रीडरिकचा अटॅक्सिया, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी ही वरवर परस्परांशी संबंध नसलेली नावे. एकात रुग्णाचा हालचालींवरील ताबा सुटतो, दुसऱ्यात मुलाची बौद्धिक वाढ खुंटते, तिसऱ्यात चालताना तोल जातो आणि चौथ्यात स्नायू आखडून क्षीण होत जातात. मात्र या सर्वांच्या मुळाशी एकाच प्रकारचा दोष आहे. डीएनएमधील एखादा लहानसा तुकडा लागोपाठ अनेकदा लिहिलेला असतो आणि त्या पुनरावृत्तींची संख्या पिढीगणिक वाढत जाते.

डीएनएची लिपी ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची. हंटिंग्टनच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे एकापुढे एक येतात. हा मजकूर ३५ वेळांपर्यंत असेल तर त्या व्यक्तीला रोग होत नाही. ४० किंवा त्याहून अधिक वेळा असेल, तर सामान्य आयुर्मानात तो जवळजवळ अटळ असतो. मधल्या चार आकड्यांविषयी डॉक्टरही ठामपणे बोलत नाहीत. फ्रॅजाइल एक्समध्ये सीजीजी ही अक्षरे २०० पेक्षा अधिक वेळा आली की संबंधित जनुकाला जणू कुलूप लागते. फ्रीडरिकच्या अटॅक्सियात जीएए या अक्षरांची संख्या हजारावर, तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत सीटीजीची संख्या काही हजारांवर जाऊ शकते.

यातील खरी वेदना कुटुंबांच्या वाट्याला येते. फ्रॅजाइल एक्सच्या जनुकात ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेल्या आजोबांना बौद्धिक दोष नसतो, त्यांच्या मुलीलाही बहुधा नसतो. परंतु मुलीकडून नातवाकडे जाताना हा आकडा २०० ची मर्यादा ओलांडू शकतो. पुढच्या पिढीत रोग लवकर आणि अधिक तीव्रतेने येतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वी टिपले होते. मात्र ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९४८ मध्ये हा केवळ रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतून होणारा भास असल्याचे मत मांडले, आणि त्यांच्या अधिकारामुळे ही निरीक्षणे कित्येक वर्षे बाजूला पडली. १९९१ मध्ये फ्रॅजाइल एक्सचे आणि १९९२ मध्ये मायोटॉनिक डिस्ट्रॉफीचे जनुक हाती आल्यावर जुन्या डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले.

'फ्रॅजाइल', म्हणजे ठिसूळ, हे नाव या रोगाला सूक्ष्मदर्शकाने दिले. अमेरिकेतील हर्बर्ट लब्ज यांना १९६९ मध्ये एका कुटुंबातील बाधित पुरुषांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ फट पडल्यासारखी दिसली. इतर प्रयोगशाळांना ती कधी दिसे, कधी दिसत नसे. ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांनी १९७७ मध्ये त्याचे कारण शोधले. पेशी ज्या द्रवात वाढवल्या जातात, त्यात फोलिक आम्ल कमी असेल तरच ही फट उघडी पडते. डीएनएची नक्कल करण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाची टंचाई झाली की गुणसूत्र नेमके तेथेच कच खाते, असा याचा अर्थ.

परंतु फट का पडते आणि पुनरावृत्ती का वाढतात, हे माणसात तपासणे कठीण. माणसाची एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. यीस्टची पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते. तिच्यात १६ गुणसूत्रे आणि सुमारे ६,००० जनुके आहेत. तिचा संपूर्ण डीएनए १९९६ मध्येच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान तिला सर्वांआधी मिळाला. डीएनएची नक्कल आणि दुरुस्ती करणारी बहुतेक यंत्रणा यीस्ट आणि माणूस यांच्यात इतकी सारखी आहे, की एकातील निष्कर्षाचा माग दुसऱ्यात काढता येतो. शिवाय यीस्टचे हवे ते जनुक काढून टाकून परिणाम पाहता येतो.

प्रयोगाची युक्ती मोठी साधी आहे. यीस्टमध्ये एक कृत्रिम गुणसूत्र ठेवतात आणि त्यावर पुनरावृत्तींचा पट्टा बसवतात. पट्ट्याच्या पलीकडे, गुणसूत्राच्या टोकाकडील भागात 'युरा-३' हे जनुक असते. गुणसूत्र पट्ट्याजवळ तुटले की हे जनुक हरवते. तुटलेल्या टोकाला टेलोमिअरचे टोपण चढावे म्हणून लागणारा छोटा मजकूर आधीच शेजारी ठेवलेला असतो, त्यामुळे उरलेले गुणसूत्र टिकून राहते. मग या पेशी एफओए नावाच्या रसायनावर पसरतात. 'युरा-३' शाबूत असलेल्या पेशी या रसायनाचे विषात रूपांतर करतात आणि स्वतःच मरतात. ज्यांचे गुणसूत्र तुटले, त्या जगतात व त्यांचे ठिपके ताटलीवर मोजता येतात. मोजणीचे गणित मात्र नवे नाही. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंतील उत्परिवर्तनांसाठी आखलेली पद्धतच येथे वापरली जाते. पुनरावृत्ती किती वाढल्या वा घटल्या, हे डीएनएची लांबी मोजून कळते.

प्रिन्स्टन विद्यापीठातील व्हर्जिनिया झाकियन यांच्या प्रयोगशाळेत कॅथरीन फ्रॉइडनराइख आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की सीटीजी पुनरावृत्तींचा पट्टा जितका लांब, तितके यीस्टचे गुणसूत्र तेथे अधिक तुटते. 'रॅड-२७' हे जनुक निकामी केल्यास तुटणे आणि पुनरावृत्तींची वाढ दोन्ही बळावतात, हेही त्यांना आढळले. डीएनएचा एक धागा सलग, तर दुसरा लहान लहान तुकड्यांत नकलला जातो. हे तुकडे जोडण्यापूर्वी त्यांची लोंबणारी टोके कापावी लागतात आणि ते काम रॅड-२७ ची कात्री करते. पुनरावृत्ती असलेले टोक केसांच्या आकड्यासारखे स्वतःवरच दुमडते. दुमडलेले टोक कात्रीला कापता येत नाही आणि ते तसेच गोफात शिवले गेले की पुढच्या नकलेत पट्टा लांबतो.

यीस्टने त्याआधीच आपली उपयुक्तता सिद्ध केली होती. थॉमस पीटस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी यीस्टची जनुके बिघडवली, तेव्हा जीटी या दोन अक्षरांचे पट्टे १०० ते ७०० पट अस्थिर झाले. आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगात असेच अस्थिर पट्टे नुकतेच आढळले होते. त्यामागे याच दुरुस्ती यंत्रणेतील दोष असावा, असे भाकीत या शास्त्रज्ञांनी केले. त्याच वर्षी डिसेंबरात अशा रुग्णांमध्ये एमएसएच-२ हे मानवी जनुक बिघडलेले सापडले.

पुढच्या संशोधनाने मात्र हे सरळ चित्र गुंतागुंतीचे केले. किरिल लोबाचेव्ह यांच्या गटाला २००८ मध्ये आढळले, की जीएए पट्ट्यांजवळ यीस्टचे गुणसूत्र तुटण्यासाठी हीच दुरुस्ती यंत्रणा लागते. हंटिंग्टनच्या उंदरांतही एमएसएच-२ काढून टाकल्यास पुनरावृत्तींची वाढ थांबते, हे १९९९ मध्ये दिसले होते. छोट्या पट्ट्यांची राखण करणारा पहारेकरी लांब पट्ट्यांच्या बाबतीत चोराला सामील होतो, असेच म्हणावे लागेल.

याचे महत्त्व रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. हंटिंग्टनच्या हजारो रुग्णांच्या डीएनएची तुलना करणाऱ्या २०१५ पासूनच्या अभ्यासांत रोग कोणत्या वयात सुरू होईल यावर दुरुस्ती यंत्रणेतील जनुकांचा प्रभाव आढळला. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जन्मतः चाळीसेक असलेल्या पुनरावृत्ती मेंदूच्या काही पेशींत आयुष्यभर वाढत राहतात आणि १५० ची पातळी ओलांडल्यानंतर त्या पेशी ढासळू लागतात. त्यामुळे एमएसएच-३ या दुरुस्ती जनुकाला आवर घालणारे औषध शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

भारतातही हा विषय परका नाही. हाताच्या कंपाने सुरू होणारा एससीए-१२ हा सीएजी पुनरावृत्तींचा रोग जगात दुर्मीळ आहे. परंतु अग्रवाल समाजातील कुटुंबांत तो वारंवार आढळल्याचे भारतीय संशोधकांनी नोंदवले आहे.

यीस्टच्या मर्यादाही आहेत. त्याच्या डीएनएवर मिथाइलचे शिक्के बसत नाहीत. त्यामुळे फ्रॅजाइल एक्सच्या जनुकाला कुलूप कसे लागते, हे त्यात पाहता येत नाही. हंटिंग्टनमध्ये ज्याचा प्रभाव मोठा ठरला, ते फॅन-१ जनुक पावाच्या यीस्टमध्ये नाहीच. सर्वांत मोठी अडचण म्हणजे यीस्ट सतत विभागत असते, तर मेंदूच्या चेतापेशी विभागत नाहीत. टफ्ट्स विद्यापीठातील सर्गेई मिर्किन यांच्या गटाने त्यावरही उपाय काढला. अन्न संपल्यावर विभागणी थांबवून नुसत्याच जगणाऱ्या यीस्टच्या पेशींत जीएए पट्ट्यांचे काय होते, हे त्यांनी दिवसेंदिवस मोजले. नक्कल बंद असतानाही ते पट्टे बदलत राहतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून दिसून आले.